पार्श्वभूमी : दाहशामक वेदनाशामके, अल्प मात्रेतील ॲस्पिरिन आणि जठरव्रण

ॲस्पिरिनमुळे जठराच्या अस्तराला इजा होते, हे डॉक्टरांनी १९३८ मध्येच दुर्बिणीतून पाहिले होते. ती का होते याचा उलगडा १९७१ मध्ये झाला. ॲस्पिरिन आणि इतर दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील रसायनाची निर्मिती रोखतात, आणि जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करण्यात प्रोस्टाग्लँडिनचाच मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन आणि दुसरे दाहशामक एकत्र घेण्याचा प्रश्न मात्र त्यामानाने अलीकडचा आहे. ॲस्पिरिन प्रामुख्याने दुखण्यावरचे औषध होते तोवर त्याच्या जोडीला रोज दुसरे वेदनाशामक घेण्याचे फारसे कारण नव्हते. १९८८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात असे दिसले आणि ही गोळी हृदयरोग्याच्या कायमच्या औषधांत जाऊन बसली. सांधेदुखी आणि हृदयविकार बहुधा एकाच वयात गाठतात, त्यामुळे पुढचे ओघानेच आले.

मात्रा कमी म्हणजे धोका नगण्य, हा समज बराच काळ टिकला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात अल्प मात्रेतील ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये जठर व लगतच्या पचनमार्गातील रक्तस्रावामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या २.६ पट आढळले. सोबत दुसरे दाहशामक असल्यास ते ५.६ पट होते. जठरात न विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्यांनीही हा धोका कमी झाला नाही. त्यात नवल नाही, कारण इजा केवळ गोळीच्या स्पर्शाने होत नाही, रक्तात शोषल्या गेलेल्या औषधानेही होते.

याच सुमारास, प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या कॉक्स-१ आणि कॉक्स-२ या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) कॉक्स-२ वर निवडक परिणाम करणारी रोफेकॉक्सिब आणि सेलेकॉक्सिब ही नवी औषधे बाजारात आली. जठराचे रक्षण प्रामुख्याने कॉक्स-१ करते, तेव्हा त्याला धक्का न लावता केवळ दाह शमवावा, अशी ही कल्पना होती. ती सिद्ध करण्यासाठी दोन मोठ्या चाचण्या झाल्या, प्रत्येकी सुमारे ८ हजार रुग्णांच्या. रोफेकॉक्सिबच्या चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांना प्रवेशच नव्हता, तर सेलेकॉक्सिबच्या चाचणीत दिवसाला ३२५ मिलिग्रॅमपर्यंत ॲस्पिरिनला मुभा होती आणि सुमारे पाचव्या हिश्श्याचे रुग्ण ते घेत होते. या एका निर्णयामुळे दोन चाचण्यांची उत्तरे वेगळी आली. पहिलीचे उत्तर स्वच्छ होते, पण दवाखान्यात प्रत्यक्ष येणाऱ्या अनेक वृद्ध रुग्णांना ते लागू होत नव्हते. दुसरीत ॲस्पिरिन न घेणाऱ्यांमध्ये जठरव्रणातील रक्तस्राव, छिद्र यांसारख्या गुंतागुंतींचे वार्षिक प्रमाण जुन्या औषधांवर १.२७ टक्के, तर सेलेकॉक्सिबवर ०.४४ टक्के होते. ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये मात्र ते अनुक्रमे २.१२ आणि २.०१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

या चाचणीवरून पुढे जे वादळ उठले ते मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केवळ पहिल्या सहा महिन्यांची आकडेवारी होती, चाचणी मात्र त्यापुढेही चालली होती. उर्वरित काळात उद्भवलेल्या गुंतागुंती बहुतांशी सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांमध्ये होत्या, ही गोष्ट औषध नियामकाकडील कागदपत्रांतून उघड झाली. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या गळतीमुळे तुलना विश्वासार्ह राहिली नाही, असे निबंधकर्त्यांचे म्हणणे होते. टीकाकारांना ते पटले नाही आणि पटण्यासारखे ते नव्हतेही. पण या वादात ॲस्पिरिनचा निष्कर्ष झाकोळला गेला. तो उपगटाचा निष्कर्ष होता, ॲस्पिरिन कोणी घ्यावे हे सोडत काढून ठरवलेले नव्हते आणि ते घेणारे रुग्ण मुळातच अधिक जोखमीचे होते, हे सारे मान्य. तरी रुग्णाच्या दृष्टीने त्या निबंधातील सर्वात उपयोगी ओळ तीच होती.

तिला भक्कम आधार २००४ मध्ये मिळाला. संधिवाताच्या रुग्णांचे सोडत पद्धतीने गट पाडून बारा आठवड्यांत एंडोस्कोपी केली, तेव्हा जठर व आद्यांत्रातील (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील) व्रण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ५.८ टक्के, केवळ ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ७.३ टक्के, आयबुप्रोफेन हे जुने दाहशामक घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के, तर रोफेकॉक्सिबसोबत ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी १६.१ टक्के रुग्णांत आढळले. ॲस्पिरिनची छोटीशी गोळी जोडताच जठराला ‘सुरक्षित’ म्हणवणारे औषध आयबुप्रोफेनच्या पंक्तीला आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यामुळे रोफेकॉक्सिब बाजारातून मागे घेण्यात आले.

दरम्यान २००१ मध्ये आणखी एक पेच समोर आला होता. ॲस्पिरिन रक्ताची गुठळी करणाऱ्या बिंबाणूंमधील (प्लेटलेट्समधील) कॉक्स-१ विकराला कायमचे निकामी करते, पण आयबुप्रोफेन आधी पोटात गेले असेल तर ते त्या विकरातील जागा तात्पुरती अडवून धरते आणि ॲस्पिरिनला काम करता येत नाही. जठराची जोखीम पत्करूनही हृदयाचा लाभ हुकू शकतो, असा याचा अर्थ. २००६ मध्ये अमेरिकेत सूचना निघाली, की साध्या, आवरण नसलेल्या ॲस्पिरिननंतर किमान ३० मिनिटांनी, किंवा ॲस्पिरिनच्या ८ तासांहून अधिक आधी आयबुप्रोफेन घ्यावे. वेळेच्या या हिशेबाने जठराचे रक्षण होत नाही, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते.

आधी रक्तस्राव होऊन गेलेल्या आणि तरीही दोन्ही औषधे लागणाऱ्या ५१४ रुग्णांवरील हाँगकाँगमधील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सर्वांना ॲस्पिरिन आणि आम्लनिर्मिती रोखणारे इसोमेप्रेझोल देऊनही अठरा महिन्यांत पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण नेप्रोक्सेन या जुन्या दाहशामकावर १२.३ टक्के आणि सेलेकॉक्सिबवर ५.६ टक्के होते. २०१८ मधील मोठ्या चाचण्यांनंतर, हृदयविकार नसलेल्या वृद्धांनी केवळ खबरदारी म्हणून ॲस्पिरिन सुरू करण्याची शिफारसही मागे पडली आहे. ज्यांना ते सोडता येत नाही, त्यांच्यासाठी आम्लनिर्मिती रोखणारे औषध हाच मुख्य आधार राहिला आहे. ते जठर आणि आद्यांत्राला जपते, त्याखालच्या आतड्यातील इजेवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.