स्नायूंतील ग्लायकोजेन आणि व्यायामातील साखर-ग्रहण

ग्लायकोजेन ही शरीराने साठवून ठेवलेली साखर. प्रौढ माणसाच्या स्नायूंत ती साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असते, यकृतात सुमारे १००. यकृत आपला साठा रक्तात सोडते. स्नायूकडे त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) नसल्याने त्याचा साठा त्यालाच वापरावा लागतो.

व्यायामाच्या सुरुवातीला स्नायू हा साठा मोडतो. तेव्हा पेशीत हा साठा मोडताना तयार होणारे ग्लुकोज-६-फॉस्फेट वाढते आणि ते हेक्झोकायनेज या विकराला आवर घालते. बाहेरून आलेल्या ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया हेच विकर करते, म्हणून साठा भरलेला असेपर्यंत रक्तातली साखर कमी उचलली जाते. साठा उतरला की ऊर्जेची टंचाई ओळखणारे एएमपीके हे प्रथिन अधिक जागे होते आणि पेशीच्या पृष्ठभागावर साखर आत नेणारे ग्लूट-४ वाहकही जास्त येतात. आकुंचनाने होणारे हे काम इन्शुलिनवाचून चालते. टाइप २ मधुमेहात चालण्याचे मोल आहे ते यामुळेच. व्यायामाची तीव्रता आणि रक्तप्रवाह यांचाही वाटा असतोच. तरीही सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी दोघे सारखेच चालले आणि साखर सारखी उतरली नाही, तर आदल्या दिवशीचे जेवण आणि श्रम आधी विचारावेत.

साठ्याचा हा परिणाम किती स्थानिक असतो, हे बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. त्यांनी एकाच पायाने सायकल चालवून त्या पायातला साठा संपवला, दुसरा पाय स्वस्थ ठेवला आणि पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. दमलेल्या पायातला साठा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट झाला. स्वस्थ पायात फारसा फरक पडला नाही.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर) ६८ लिंगांची प्रदक्षिणा करणाऱ्यांच्या मांड्या-पोटऱ्यांतही असाच साठा उतरतो. रात्री कडक भाकरी पोटात गेली की तो भरू लागतो. ही भरपाई एक-दोन दिवस चालू शकते आणि तेवढा काळ स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना खरा धोका इथे आहे: मिरवणुकीत काहीच जाणवत नाही आणि मध्यरात्री झोपेत साखर घसरते. दरदरून घाम, थरथर, भोवंड ही त्याची लक्षणे. अशा रुग्णांनी प्रदक्षिणेच्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा, झोपण्यापूर्वी साखर तपासावी आणि उशाशी ग्लुकोज पावडर ठेवावी.