पणजोबांचं टोपीचं रिव्हॉल्व्हर: परवाना, ओळख आणि अर्ज

वाडा रिकामा करताना एखाद्या पेटीत जुनं रिव्हॉल्व्हर निघालं की घरात हमखास म्हटलं जातं, "दीडशे वर्षांचं आहे, याला कसला परवाना?" हा समज धोक्याचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालण्याजोगं नसेल तरच. म्हणजे नुसत्या वयावर सूट मिळत नाही. बार उडू शकत असेल तर परवाना हवाच. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे.

सापडल्यावर आधी नळी माणसांपासून दूर ठेवा आणि घोडा (चाप दाबल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग) ओढून बघण्याचा मोह टाळा. ठासलेली दारू पिढ्यान्‌पिढ्या आत राहू शकते. फिरत्या सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक कप्प्यामागे एकेक बारीक निपल असतं. त्यावर तांब्याची टोपी (घोडा आपटला की पेटून आतली दारू उडवणारी बारीक वाटी) दिसली तर हत्यार भरलेलं आहे असंच समजा. ब्रासो लावून घासूही नका, कारण ज्या खुणांवरून ओळख पटते त्याच पुसल्या जातात.

ओळख पटवायची ती अर्जात वर्णन खरं जावं म्हणून. आपल्याकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर आलेल्या रिव्हॉल्व्हरांत अॅडम्स आणि कोल्ट ही ठळक नावं. अॅडम्सची चौकट आणि नळी एकसंध असते. १८५१ च्या मूळ नमुन्यात घोड्याला अंगठ्याने ओढायचा कान नाही, पुढच्या ब्यूमाँट-अॅडम्सला तो आहे. कोल्ट नेव्ही १८५१ मध्ये सिलिंडरवरून जाणारी पट्टीच नसते, नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते. सिलिंडरभोवती १८४३ च्या कँपेचीच्या आरमारी लढाईचं चित्र कोरलेलं असतं.

नकली नमुने मुख्यतः इटलीत बनतात. त्यांच्यावर तिथल्या चाचणीगृहाचा शिक्का आणि बारीक चौकोनात वर्षाचं सांकेतिक चिन्ह असतं: 'एए' म्हणजे १९७५, 'एबी' म्हणजे १९७६. लबाड विक्रेता हे घासून काढतो. म्हणून नळी उजेडात तिरकी धरून, ठासणीच्या दांडीखाली नीट बघा. घासलेल्या जागी पोलादात हलका खळगा राहतो. अस्सल कोल्टच्या नळीवर, चौकटीवर, चापाच्या कडीवर, अगदी पाचरीवरही एकच क्रमांक असायला हवा. लंडनमध्ये तपासलेल्या नळीवर मुकुटाखाली 'व्ही' आणि 'जीपी' अशा खुणा मिळतात. गंज सगळीकडे एकसारखा दिसला तर मला आधी आम्ल लावून जुनं भासवल्याचीच शंका येते, कारण हाताळलेल्या हत्याराच्या कडा झिजतात आणि गंज खाचांत बसतो. पण कायद्यापुढे अस्सल-नकलीने फरक पडत नाही. बार उडवणारी नक्कलही बंदूकच.

आता अर्ज. परवानाधारक वारला असेल तर विनाविलंब हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर मेक, क्रमांक आणि स्थिती लिहून घ्यायला विसरू नका, पुढे वस्तू परत मिळवताना तोच आधार असतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. परवानाधारक हयात असेल तर त्याचं वय ७० झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर परवाना वारसाच्या नावे करता येतो. अर्जदार २१ वर्षांचा हवा. वारशाने आलं तरी एका व्यक्तीकडे दोनच बंदुका, ही मर्यादा लागू राहते.

एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर नमुना ए-१ हा अर्ज भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. ओळख, पत्ता व जन्मतारखेचे पुरावे, फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा. बहुतेक घरांत अडतं ते या शेवटच्या कागदावर, म्हणून काका-आत्यांशी आधीच बोलून घ्या. नंतर पोलीस पडताळणी होते. नकार आला तर लेखी कारणं मागता येतात.

जुना परवानाच नसेल तर वारसाचा मार्ग सरळ राहत नाही. अशा वेळी वकिलाच्या सल्ल्याने लेखी अर्जासह हत्यार जमा करावं आणि मग नव्याने परवाना मागावा. हत्यार कायमचं निकामी आहे असं वाटत असेल तरी ते स्वतः ठरवू नका, तज्ज्ञांच्या तपासणीचा अहवालच उपयोगी पडतो.

परदेशी राहणाऱ्या भावंडांसाठी: शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि १९७२ च्या कायद्याने तिची खासगी निर्यात बंद आहे. उलट दिशेनेही जपा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टोपीच्या रिव्हॉल्व्हरची नक्कलसुद्धा सहसा 'पुरातन' गणली जाते आणि सहज विकत मिळते. भारतात आणताना मात्र तिला आयातीचा परवाना लागतो.