टाइल्समागची धूळ : ओल्याकडून कोरड्याकडे

सांगली-मिरज रस्त्यावरच्या दुकानांत दिसणाऱ्या टाइल्स बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहून ट्रकने येतात. त्या बनताना काय उडतं, हे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. ती धूळ मात्र आपल्या ओळखीची आहे. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना निघाला. फाउंड्रीतल्या, म्हणजे लोखंडाच्या ओतशाळेतल्या साच्याची वाळू, कंदिलाच्या काचेची वाळू आणि टाइलच्या मातीतली गारगोटी, सगळ्यांत सिलिकाच, म्हणजे वाळू-गारगोटीचं मूळ द्रव्य.

या धुळीवरचा पहिला मोठा इलाज पाण्याचा, आणि तो तीनशे वर्षं जुना आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये भांडी पांढरी व्हावीत म्हणून मातीत भाजलेली चकमक मिसळू लागले. ती कोरडीच कुटली जायची. थॉमस बेन्सनने 1726 मध्ये ती पाण्यात दळण्याचं पेटंट घेतलं. त्यात त्याने स्वच्छ लिहिलं, की कितीही धडधाकट माणूस या कामात दोन वर्षांहून जास्त तगणं कठीण, कारण श्वासाबरोबर धूळ आत जाते. दळणाऱ्या लोखंडाने माती डागाळायची, म्हणून 1732 च्या दुसऱ्या पेटंटात त्याच्या जागी दगड आले. आजची बॉल मिल, म्हणजे गोळे घालून फिरणारं दळणाचं पिंप, याच वाटेची : माती, फेल्डस्पार नावाचं खनिज, गारगोटी पाण्यात दळून पातळ राबडी, म्हणजे स्लिप.

घोळ पुढच्या टप्प्यावर झाला. 1840 मध्ये रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरडी भुकटी साच्यात दाबून वस्तू बनवण्याचं पेटंट घेतलं आणि टाइलवाल्यांनी ते उचललं. ओली माती सुकताना वाकायची. भुकटीची टाइल सरळ आणि भराभर निघू लागली. धंद्याच्या दृष्टीने झकास, पण दळताना पाण्याने बसवलेली धूळ प्रेसपाशी पुन्हा मोकळी झाली. विसाव्या शतकात स्प्रे ड्रायर आला. तो स्लिपचा फवारा गरम हवेत वाळवून पाच-सहा टक्के ओलाव्याचे गोल कण बनवतो. कुटलेल्या भुकटीपेक्षा ते कमी उडतात, पण पट्ट्यावरून पडताना, हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत आदळताना फुटतात.

प्रेसजवळ थोडा वेळ उभं राहिलं की कळतं. साचा भरतो, दाब बसतो, कडेची जादा भुकटी खाली सांडते आणि कुणीतरी हवेच्या पाइपने साचा साफ करतो. पाळी सुटताना झाडू फिरतो. हवेचा पाइप आणि कोरडा झाडू हे दोघे मिळून धूळ ओढून घेणाऱ्या हूडचं दिवसभराचं काम मातीमोल करतात. जिथे धूळ उठते तिथेच हूड हवं, धूळ वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये हवेला सेकंदाला साधारण 18-20 मीटर वेग हवा, नाहीतर भुकटी वाटेतच बसून डक्ट तुंबतो आणि शेवटी धूळ गाळणारा बॅग फिल्टर नावापुरता उरतो. मास्क वाटणं स्वस्त पडतं, म्हणून मालक आधी तेच करतात. माझ्या मते मास्क शेवटी यायला हवा.

डोळ्याला दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार, व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात आणि तो बरा होत नाही. त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. आपल्याकडे सिलिकोसिसलाच क्षय समजून औषधं चालू राहतात, असंही घडतं.

1948 च्या फॅक्टरी ॲक्टने धूळ उगमापाशीच ओढून घ्यायला सांगितलं आणि सिलिकोसिस कळवणं बंधनकारक केलं. 1987 च्या दुरुस्तीने हवेतल्या धुळीच्या मर्यादेचा आकडा दिला : श्वासातून आत जाणाऱ्या धुळीतल्या क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या टक्केवारीत 2 मिळवायचे आणि 10 ला त्याने भागायचं. 20 टक्के क्वार्ट्झ असेल, तर घनमीटरला जेमतेम 0.45 मिलिग्रॅम. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कामाच्या जागी श्वासातून जाणारा स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवला.

हा फॅक्टरी ॲक्ट कारखान्याचा होता. सांगलीच्या विश्रामबागेत नव्या फ्लॅटमध्ये उकिडवा बसून कटरने कोरडी टाइल कापणारा फिटर त्याच्या हिशेबात नव्हता. बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा यायला 1996 उजाडलं. त्या कटरला पाण्याची नळी जोडता येते, पण भिंतीवर चिखल उडतो म्हणून घरमालकच नको म्हणतो.