धायटीचे लाल फूल आणि सोलापूरचे डाळिंब

सोलापूरच्या मंगळवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात धायटीची फुले मागितली की तपकिरी-लाल, चुरमडलेल्या नळ्यांची पुडी हाती येते. त्यातली एक नळी रात्रभर भिजवून ब्लेडने उभी चिरली, तर आत बारा पुंकेसर आणि कडेला सहा इवल्याशा पाकळ्या सापडतात. ज्याला आपण लाल फूल म्हणतो, तो वस्तुतः जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, नळीसारखा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण, असतो. पाकळ्या जवळजवळ नावापुरत्याच.

हे झुडूप सोलापूरच्या काळ्या रानात सहसा आढळत नाही. ते पाहायला फेब्रुवारी-मार्चमध्ये साताऱ्याकडच्या डोंगरउतारांवर जावे लागते. तेव्हा जुन्या फांद्या फुलांच्या दाट झुबक्यांनी अशा लगडतात, की संस्कृतातील ‘अग्निज्वाला’ हे नाव मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. मधमाश्यांना लाल रंग नीट ओळखू येत नाही, पक्ष्यांना मात्र तो लांबूनच दिसतो. शिंजीर फांदीवर बसून आपली बाकदार चोच नळीत घालतो, आणि बाहेर डोकावणाऱ्या पुंकेसरांतले पराग त्याच्या कपाळाला माखतात. मधमाश्याही येतातच, कारण मकरंद मुबलक असतो; डोंगरातली मुलेसुद्धा फुले खुडून तो चोखतात.

अशोकारिष्टासारख्या औषधांत काढा आणि गूळ यांच्याबरोबर ही फुले घालतात. त्यांच्यावर नैसर्गिकरीत्या यीस्ट वास करते, ते गुळातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते, आणि त्या मद्यार्कात औषधी द्रव्ये उतरतात व टिकतात. फुलांतील टॅनिनमुळे कातडी कमावण्यासाठी आणि लाल रंगासाठीही त्यांचा उपयोग होत आला आहे.

सोलापूरकराला खरी गंमत वाटावी ती धायटीच्या गोतावळ्याची. धायटी मेंदीच्या कुळातली. डाळिंबाला वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी वेगळे कूळ देत असत, परंतु डीएनएच्या अभ्यासानंतर तेही याच कुळात आले. म्हणजे ज्या फळासाठी सोलापूरच्या केगावला २००५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले आणि ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते धायटीचे भाऊबंद आहे. दोघांचाही निदलपुंज फूल सरल्यावर गळत नाही. धायटीत तो बियांच्या बोंडाभोवती सैल कवचासारखा राहतो, तर डाळिंबात अंडाशयाशी एकजीव होऊन फळाच्या टोकावर मुकुट बनतो. बाजारात डाळिंब निवडताना त्या मुकुटात डोकावले, तर वाळलेले पुंकेसर अजून तिथेच असतात.