जंतू सापडल्यानंतरचा प्रश्न

घटसर्पाने दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात १८८०च्या दशकात एक विसंगती पुन्हा पुन्हा दिसत होती. जंतू असत फक्त घशात, तिथल्या राखाडी पडद्यामध्ये. हानी मात्र हृदयाच्या स्नायूची आणि इतर अवयवांचीही झालेली असे, आणि तिथे जंतूंचा मागमूस नसे. फ्रीडरिख लोफ्लर यांनी १८८४ मध्ये या जिवाणूच्या शुद्ध संवर्धनाची, म्हणजे फक्त तोच जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याची, माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ही विसंगती झाकून ठेवली नाही. जंतू घशात बसून विष तयार करत असावा आणि ते रक्तावाटे पसरत असावे, असा अंदाज त्यांनी मांडला. अडचणीची आणखी एक गोष्टही त्यांनी नोंदवली. एका ठणठणीत मुलाच्या घशातही हाच जिवाणू मिळाला होता.

त्या काळाचा सगळा भर 'कोणता जंतू?' या प्रश्नावर होता. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे जीवनचक्र दाखवले आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जाहीर केला. पुढे त्यांच्या नावाने ओळखले गेलेले निकष असे: रोगात तो जंतू नेहमी सापडावा, शरीराबाहेर त्याचे शुद्ध संवर्धन व्हावे, ते टोचल्यावर निरोगी प्राण्याला तोच रोग व्हावा आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळावा. हे निकष दोषी कोण ते सांगतात. त्याने रोग कसा घडवला, याविषयी ते काहीच बोलत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बऱ्याच इतिहासकथनांत या दोन प्रश्नांची सरमिसळ होते. प्रत्यक्षात दुसऱ्याचे उत्तर काही रोगांत चार वर्षांत मिळाले, तर काहींत पाऊण शतक लागले.

उशीर का लागावा, याचा नमुना अँथ्रॅक्सच देतो. मरणाऱ्या जनावराच्या रक्तात हे जिवाणू इतके गच्च भरलेले असतात की वेगळ्या खुलाशाची गरजच कुणाला वाटली नाही. केशवाहिन्या तुंबतात किंवा जंतू प्राणवायू खाऊन टाकतात, एवढ्यावर भागवले गेले. हॅरी स्मिथ आणि जे. केपी यांनी १९५४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हा प्रश्न पुन्हा हातात घेतला. गिनीपिगच्या रक्तातली जंतुसंख्या एका टप्प्यापुढे गेली, की स्ट्रेप्टोमायसीनने जंतू मारूनही प्राणी वाचत नसे. म्हणजे मारणारे काहीतरी आधीच रक्तात मिसळलेले होते. मरणाऱ्या प्राण्यांच्या रक्तद्रवात ते विष मिळाले. तोवर ते हाती न लागण्याचे कारण साधे होते: संशोधक जंतू वाढवत होते काचपात्रातल्या रश्श्यात, आणि तिथल्या परिस्थितीत जंतू हे विष नीट तयार करत नव्हता. पात्रातला जंतू आणि शरीरातला जंतू जनुकांनी एक असले तरी वागण्याने एक नसतात. ही गोष्ट या क्षेत्राला अनेकदा नव्याने शिकावी लागली आहे.

घटसर्पाच्या बाबतीत नशीब चांगले होते, कारण हवे ते उपकरण वेळेवर आले. शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये बिनचकाकीच्या चिनी मातीची गाळणी बनवली. तिच्या छिद्रांतून द्रव जाई, जिवाणू अडकत. एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सां यांनी १८८८ मध्ये घटसर्पाच्या जिवाणूचे संवर्धन या गाळणीतून गाळले आणि जंतूविरहित द्रव प्राण्यांना टोचला. लुळेपणा आला, मृत्यू आला. मात्र पहिल्या प्रयोगांत, संवर्धन जेमतेम आठवडाभराचे असताना, गाळीव द्रव इतका दुबळा होता की भरमसाट टोचावा लागे. तेच संवर्धन सहा आठवडे ठेवल्यावर द्रव जहाल झाला. रश्श्यातले लोह संपत आले की हा जिवाणू विष बनवू लागतो, हे १९३०च्या दशकात स्पष्ट झाले. शरीरातही मोकळे लोह जवळजवळ नसतेच. ते प्रथिनांना घट्ट बांधलेले असते. लोहाची टंचाई म्हणजे 'आपण यजमानाच्या आत आहोत' ही जंतूला मिळालेली खूण.

पुढची काही वर्षे विषांचीच होती. कितासातो यांनी १८८९ मध्ये धनुर्वाताच्या जिवाणूचे शुद्ध संवर्धन मिळवले, आणि १८९० मध्ये बेरिंग यांच्याबरोबर विषाला निष्प्रभ करणारी रक्तलस दाखवली. बेल्जियममधल्या एलझेल गावात १८९५ मध्ये खारवलेल्या डुकराच्या मांसातून विषबाधा झाली. तिच्या तपासातून एमिल व्हान एर्मेंगेम बोटुलिझमच्या जिवाणूपर्यंत पोहोचले. इथे तर जंतूने शरीरात शिरण्याचीही गरज नव्हती, अन्नात तयार झालेले विषच पुरले. फॉर्मालिनने विषाची धार मारून प्रतिकारशक्ती जागवणारे टॉक्सॉइड गास्तों रामों यांनी १९२३ मध्ये तयार केले. घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसी आजही याच तत्त्वावर आहेत. त्या जंतूविरुद्ध नसतात, त्याच्या विषाविरुद्ध असतात. त्यामुळे लस घेतलेल्या माणसाच्या घशात घटसर्पाचा जिवाणू वस्तीला राहू शकतो.

हे सगळे पाहता पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, कोडे लवकर सुटायला हवे होते. कॉख यांना कोलकात्यात १८८४ मध्ये स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू मिळाला. विषाचा संशय त्यांनाही होता. पण निकषांतली प्राण्याची पायरी जमेना. प्राण्यांना पटकी होतच नव्हती. गिनीपिगच्या जठरातले आम्ल सोड्याने मारून आणि अफूने आतड्याची हालचाल मंदावून त्यांनी संसर्ग घडवला, तरी तो माणसाच्या आजाराशी फारसा जुळत नव्हता. फक्त जंतूनेच पटकी होते हे न मानणाऱ्या विरोधकांना एवढे पुरे होते. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, आधी सोडा घेऊन मग पटकीच्या जंतूंचे संवर्धन प्यायले. थोडे जुलाब झाले, एवढेच. त्यांनी तो आपला विजय मानला. पिताना सोडा घ्यावा हे त्यांना कळत होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने धरायला हवी: जठरातले आम्ल बहुतेक जंतू मारते, आणि ते निष्प्रभ केले तर रोगाला लागणारी जंतुसंख्या हजारो पटींनी खाली येते.

खरी वाट चुकली ती एका अस्सल शोधामुळे. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये दाखवले की उष्णतेने मारलेले पटकीचे जंतूही गिनीपिगच्या पोटात टोचले तर जीव घेतात. जंतूच्या आवरणाचाच भाग असलेल्या या विषाला अंतर्विष म्हटले गेले, आणि पटकी याच विषामुळे होते असे गृहीत धरले गेले. शोध बरोबर होता, लागू केला चुकीच्या रोगाला. पुढची अनेक दशके प्रयोगांत जंतू किंवा त्यांचा अर्क शिरेत नाहीतर उदरपोकळीत टोचला जाई. प्राणी मरत, पण पटकीने नाही.

कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी टोचण्याची जागा बदलली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा चालू ठेवून, दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्या बंद पिशवीत जंतू सोडायचे. १९५३ मध्ये त्यांनी आणि चॅटर्जी यांनी दाखवले की जिवंत जंतूंनी ती पिशवी पाण्याने टम्म फुगते, आणि शेजारचा जंतू न घातलेला तुकडा रिकामाच राहतो. १९५९ मध्ये त्यांनी हाच प्रयोग जंतू गाळून काढलेल्या द्रवाने केला, आणि तरीही पिशवी भरली. त्याच सुमारास मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त आणि सहकारी सशाच्या पिल्लांवर काम करत होते. त्यांचेही निष्कर्ष विषाकडेच बोट दाखवत होते. डे यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला, पण पुढची अनेक वर्षे त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. रक्तात टोचून पटकी न घडवणारे विष आतड्याच्या पोकळीत मारक ठरते, हे कळायला सत्तरहून अधिक वर्षे लागावीत, याचे नवल वाटते. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, ही जुनी समजूतही १९६० मध्ये रुग्णांच्या बायोप्सींनी मोडीत काढली. अस्तर शाबूत होते. बिघडले होते ते त्याचे नियंत्रण.

विषाची रचना पुढे उलगडली. त्याचे पाच सारखे भाग आतड्याच्या पेशीवरच्या 'जीएम-१' या मेदयुक्त रेणूला चिकटतात. सहावा भाग आत जाऊन पेशीतली एक कळ 'चालू' स्थितीतच अडकवतो. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत राहतो, क्लोराइड आतड्यात ओतले जाते, मागोमाग सोडियम आणि पाणी. तीव्र आजारात ताशी एक लिटरपर्यंत द्रव जातो. पण याच अस्तरातली ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी यंत्रणा विषाच्या तावडीत सापडत नाही, आणि जलसंजीवनी उभी आहे ती एवढ्या एका फटीवर. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. आजच्या जागतिक सूत्रात एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. साखर अंदाजाने वाढवली तर द्रावण दाट होते, आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

दरम्यान विषाच्या मालकीचा प्रश्न निघाला होता. व्हिक्टर फ्रीमन यांना १९५१ मध्ये आढळले की घटसर्पाच्या निरुपद्रवी जिवाणूला एका विशिष्ट फाजचा, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचा, संसर्ग झाला तर तो विष बनवू लागतो. विषाचे जनुक फाजचे आणि लोह ओळखणारा खटका जिवाणूचा, अशी ही भागीदारी आहे. पटकीतही तेच निघाले. वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी १९९६ मध्ये दाखवले की तिथेही विषाची जनुके एका फाजवर स्वार होऊन येतात, आणि तो फाज जंतूला पकडतो ते ज्या तंतूंच्या आधारे जंतू आतड्यात वस्ती करतो त्या तंतूंनाच. 'ओ-१५७' या उपद्रवी ई. कोलायमध्ये शिगा विषही फाजवरच असते. काही प्रतिजैविके या जिवाणूच्या डीएनएला इजा करतात, त्यामुळे सुप्त फाज जागा होतो, जिवाणू फुटतो आणि विष एकदम बाहेर पडते. म्हणून या संसर्गात प्रतिजैविक देताना डॉक्टर हात आखडता घेतात.

विष हे मात्र सगळ्या रोगांचे उत्तर नव्हते. न्यूमोकॉकसकडे घटसर्पासारखे विष नाही. त्याची ताकद शर्करेच्या गुळगुळीत आवरणात असते, कारण त्यामुळे भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या शरीराच्या पेशींना, तो धरता येत नाही. ग्रिफिथ यांच्या १९२८ च्या प्रयोगात आवरण नसलेला जंतू उंदरांना काहीच करत नव्हता. क्षयाचा जिवाणू उलट वागतो. तो स्वतःला गिळू देतो आणि मग भक्षक पेशीतली पाचक पिशवी आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही, असे आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी १९७१ मध्ये दाखवले. इस्बर्ग आणि फाल्को यांनी १९८५ मध्ये येर्सिनिया या रोगकारक जिवाणूचे एकच जनुक प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातले, आणि एरवी बाहेर राहणारा तो जिवाणू मानवी पेशींच्या आत शिरू लागला. साल्मोनेलाकडे तर पेशीत प्रथिने टोचणारी सुईच असते. १९९८ मध्ये ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. अर्भकांना जुलाब घडवणारा ई. कोलायचा एक प्रकार अशाच सुईने स्वतःचेच एक प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो, ते पृष्ठभागावर येते आणि मग जंतू त्यालाच घट्ट चिकटतो. यजमानाच्या भिंतीत आपली खुंटी आपणच ठोकण्याचा हा प्रकार १९९७ मध्ये उघड झाला.

या सगळ्याला शिस्त लावण्यासाठी स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये कॉख यांचे निकष जनुकांसाठी नव्याने मांडले: गुण रोगकारक वाणांत असावा, त्याचे जनुक बंद केल्यावर रोगकारकता घटावी, जनुक परत बसवल्यावर ती परतावी. तिसरी पायरी गाळण्याचा मोह मोठा असतो आणि चुका तिथेच होतात. जनुक तोडताना त्याला लागून असलेली पुढची जनुकेही बंद पडू शकतात. किंवा जंतूची एकूण वाढच मंदावते आणि 'रोगकारक जनुक' म्हणून एखादे साधे पोषणाचे जनुक गाजते. प्राण्याची निवड ही दुसरी खोच आहे. विषमज्वराचा साल्मोनेला माणसालाच धरतो, म्हणून उंदरांवरचा बराचसा अभ्यास त्याच्या भाऊबंदावर झालेला आहे.

आणि फायफर यांचे अंतर्विष? ते जंतूच्या बाहेरच्या पटलातले लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद आणि शर्करा जोडलेला रेणू, निघाले. ते स्वतः पेशी फारशा मारत नाही. ताप, रक्तदाब कोसळणे आणि अवयव निकामी होणे हे शरीराच्या प्रतिसादातून घडते. 'सी३एच/एचईजे' या वाणाच्या उंदरांना ते भरपूर टोचले तरी काही होत नाही, हे कोडे बरीच वर्षे होते. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये कारण शोधले: हे विष ओळखणाऱ्या 'टीएलआर-४' या ग्राही प्रथिनात, जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे, दोष होता. उंदरांना धोक्याची घंटाच ऐकू येत नव्हती. त्याच उंदरांना साल्मोनेलाचे मोजके जिवंत जंतू दिले, इतर उंदीर पचवू शकतील एवढेच, तर ते मरतात.