बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायला लिनक्सला एवढा उशीर का लागला

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडे लाइट येणं-जाणं चालूच असतं, म्हणून घरातल्या लॅपटॉपचा चार्जर सहसा कोणी काढत नाही. वेळेला बॅटरी भरलेली असावी, एवढाच हिशेब. पण लिथियमची बॅटरी सदा पूर्ण भरलेली आणि वर आपल्याकडचा उष्मा, असं झालं की तिची ताकद लवकर उतरते. उपाय साधा आहे: चार्ज 80 टक्क्यांच्या आसपास रोखायचा. लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर पडद्यावरच्या खिडक्या नि मेन्यू पुरवणारे वेगवेगळे डेस्कटॉप असतात. त्यातल्या केडीई प्लाझ्माच्या सेटिंग्जमध्ये ही सोय 2020 मध्ये आली आणि ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये थेट मार्च 2025 मध्ये, 48 व्या आवृत्तीत. पडद्याच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

सुरुवात 1992 ची. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने वीज सांभाळायची एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात वीज वाचवायचे बहुतेक निर्णय बायोसच, म्हणजे मदरबोर्डवर आधीच भरलेला प्रोग्रामच, घेई. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय ही पुढची पद्धत आणली आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. निदान कागदावर तरी. कारण कुठल्या मशिनात पंखा कसा चालतो, झाकण मिटलं हे कसं कळतं, याची माहिती बनवणारी कंपनीच फर्मवेअरमधल्या, म्हणजे मशिनातच भरलेल्या प्रोग्राममधल्या, तक्त्यांत भरून देते, आणि ते तक्ते बहुतेक वेळा विंडोजवर चालले की पुरे अशा बेताने तपासलेले असत. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्सचं कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, बेधडक 'हो' म्हणतं. 'तू लिनक्स आहेस का?' या प्रश्नाला मात्र ते 'नाही' म्हणतं, कारण त्या उत्तरानंतर फर्मवेअरमधला जो भाग चाले तो कोणी धड तपासलेलाच नसे. खोटं बोलून संसार चालवायचा हा प्रकार आजही तसाच आहे.

हे सगळं अनवधानाने झालं असंही म्हणवत नाही. जानेवारी 1999 मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेला एक मजकूर पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात बाहेर आला. एसीपीआयवर कष्ट आपण घ्यायचे आणि लिनक्स मात्र आयतं उत्तम चालणार, याबद्दलची नाराजी त्यात आहे. एसीपीआयच्या या वाढीव सोयी विंडोजपुरत्याच नीट चालतील अशा करता येतील का, असंही त्यात विचारलंय.

त्या सुमारास गोव्यात लिनक्स आलं ते मुख्यतः टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टसारख्या उपक्रमातून शाळांमध्ये जुनी मशिनं पोचली, पुढे उबुंटू या लिनक्सच्या तयार संचाच्या फुकट सीडी पोस्टाने येऊ लागल्या. बॅटरीचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांनी झाकण मिटायचं आणि उघडल्यावर पडदा काळाच राहिला तर बटण दाबून मशीन बंद करायचं, असा रिवाज. सेटिंग बदलायची तर टर्मिनल उघडून स्क्रिप्ट लिहा.

चित्र बदललं ते रिचर्ड ह्यूजेस या प्रोग्रामरच्या ग्नोम पॉवर मॅनेजरमुळे. सप्टेंबर 2006 मध्ये तो ग्नोम 2.16 मध्ये दाखल झाला. प्लगवर असताना काय, बॅटरीवर असताना काय, झाकण मिटल्यावर काय, हे सगळं एका खिडकीत निवडता येऊ लागलं. खालची माहिती गोळा करणारा भाग पुढे वेगळा काढून त्याचं यूपॉवर झालं. त्याच्या लेखी यूएसबीने जोडलेला यूपीएससुद्धा बॅटरीच. त्यामुळे आपल्याकडच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही किती चार्ज उरलाय ते कळू लागलं. केडीईकडे आधी केपॉवरसेव्ह होतं. जानेवारी 2009 मध्ये 4.2 बरोबर दारिओ फ्रेद्दी यांचं पॉवरडेव्हिल आलं.

पण खिडकी कितीही नीटस असली तरी खालचं कर्नेल काय करतंय यावर सगळं अवलंबून. 2011 मध्ये ते चांगलंच दिसलं. 2.6.38 हे कर्नेल आल्यावर बऱ्याच लॅपटॉपांची बॅटरी लवकर संपू लागली, आणि हेच कर्नेल उबुंटू 11.04 मध्ये होतं. कोपऱ्यातलं चिन्ह कमी टक्के इमानदारीत दाखवी, कारण सांगू शकत नसे. फोरॉनिक्स या लिनक्सच्या चाचण्या घेणाऱ्या संकेतस्थळाने मोजमाप करून कारण शोधलं. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडण्यांना रिकाम्या वेळी झोपवण्याची एक सोय असते. फर्मवेअर ती चालू करून ठेवी आणि वर तक्त्यात मात्र 'ही इथे चालत नाही' असं लिही. कर्नेलने त्या लिखाणावर विश्वास ठेवून चालू असलेली सोय बंद केली. विंडोज अशा वेळी फर्मवेअरने ठेवलंय तसंच राहू देतं, हे ताडून कर्नेलवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी दुरुस्ती लिहिली आणि 2012 च्या सुरुवातीला ती कर्नेलात आली.

त्याच 2011 मध्ये ग्नोम 3 ने खिडकीतले पर्याय कापायला घेतले. झाकण मिटल्यावर काय करायचं हा पर्यायही गेला. लोक चिडले ते रास्तच होतं. जुन्या खिडकीची सवय असलेल्यांसाठी मेट डेस्कटॉपने तिचीच शाखा चालू ठेवली. बाकीचे टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामकडे वळले. त्यात पर्याय ढीगभर, पण मूळ प्रकार टर्मिनल आणि मजकुराच्या फाइलीचा. टीएलपीयूआयसारखी खिडकी नंतर दुसऱ्यांनी केली. 2021 मध्ये ग्नोम 41 ने काटकसर, समतोल आणि जोर अशा तीन पातळ्या थेट वरच्या मेन्यूत दिल्या. त्यामागचं पॉवर प्रोफाइल्स डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, बास्तियँ नोसेरा यांनी सुरू केलेलं. हे कापणं मला नंतर पटलं. घरच्या माणसाला तीनच पातळ्या लागतात.

चार्ज रोखण्याचं घोडं मात्र अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. थिंकपॅड लॅपटॉपांसाठी टीपी-एसएमएपीआय हे कर्नेलबाहेरचं मॉड्यूल, म्हणजे जोडायचा तुकडा, फार पूर्वीपासून होतं, पण ते जुन्या मॉडेलांपुरतं. प्रत्येक कंपनीची रीत निराळी: कुठे आकडा देता येतो, तर आयडियापॅडसारख्या लॅपटॉपात नुसतं चालू किंवा बंद. सगळ्यांना सामावणारी व्यवस्था कर्नेलात नसताना खिडकीत बटण घालणार कोण? 2018 मध्ये 4.17 या कर्नेलात थिंकपॅडच्या चार्जच्या मर्यादा थेट आल्या, मग एकेक कंपनी जोडत गेली. शिवाय, माझ्या मते, ही साधनं बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होता तो विमानात किंवा कॉफीच्या टेबलावर बॅटरीवर काम करणारा माणूस. दिवसभर प्लगला टांगलेला लॅपटॉप त्यांना अडचणीचा वाटलाच नसावा.

आजही हा पर्याय कर्नेलातल्या ड्रायव्हरची, म्हणजे त्या मशिनाशी बोलणाऱ्या भागाची, साथ असेल तरच दिसतो. जुना लॅपटॉप विकत घेताना दुकानातच पेनड्राइव्हवरून नवीन लिनक्स सुरू करावं, सेटिंग्जमध्ये पॉवरचं पान उघडून बघावं आणि मग भाव करावा.