तान्ह्या लेकराच्या डोळ्याला पाणी: बंद अश्रुनलिका की जन्मजात काचबिंदू?

डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणाऱ्या नळीच्या खालच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो जन्मताना उघडलेला नसला, की लेकराच्या गालावर पाणी ओघळतं आणि सकाळी पापण्या चिपडानं चिकटतात. डोळा मात्र स्वच्छ असतो आणि लेकरू उजेडाकडं खुशाल बघतं. डॉक्टरांकडून मालिश शिकून घ्यावी: नाकाकडच्या कोपऱ्यापासून करंगळीनं खाली हलकं दाबत यायचं. बहुतेक लेकरांची नळी वर्षाच्या आत मोकळी होते. काजळ अजिबात नको.

जन्मजात काचबिंदू दुर्मीळ, पण त्याला थांबायला वेळ नसतो. इथं दोष डोळ्याच्या आतल्या पाण्याच्या वाटेत असतो. ती गर्भातच नीट घडलेली नसते, म्हणून पाणी साचून दाब चढतो. तान्ह्या वयात डोळ्याचं आवरण लवचीक असल्यानं डोळाच ताणून मोठा होतो. ‘किती टपोरे डोळे!’ म्हणून घरात कौतुक होतं, दृष्ट काढली जाते आणि आत नजरेचा मज्जातंतू दबत राहतो. नवजात बाळाच्या बुबुळाची रुंदी साधारण १० मिलिमीटर असते. ती ११ च्या पुढं दिसली तर डॉक्टरांना शंका येते. घरच्यांनी मात्र वेगळंच बघावं: चिपड नाही, नुसतं पाणी, अंगणात नेलं की लेकरू डोळे घट्ट मिटून आईच्या पदरात तोंड खुपसतं, बुबुळ निळसर, धुरकट दिसतं.

आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत, म्हणून हे स्पष्ट लिहिते. या आजाराचा दोष बऱ्याचदा आई आणि वडील दोघांकडूनही येतो, आणि नात्यातल्या लग्नात तोच दोष दोघांकडं असण्याची शक्यता जास्त. अशा घरात पुढच्या प्रत्येक मुलाला धोका चारात एक. पाश्चात्त्य देशांत साधारण १०,००० जन्मांत एक रुग्ण सापडतो. तेलंगण वेगळं होण्याआधीच्या, शेजारच्या आंध्र प्रदेशातल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३,३०० जन्मांत एक निघालं.

थेंबांनी दाब तात्पुरता उतरतो, खरा उपाय शस्त्रक्रियाच. गेलेली नजर तिनं परत येत नाही, उरलेली वाचते. म्हणून शंका आली की आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातला नेत्रविभाग गाठा. दाब मोजायला लेकराला भूल द्यावी लागेल म्हटलं, की घरचे बिचकतात. रडणाऱ्या लेकराचा दाब नीट मोजता येत नाही, म्हणून भूल लागते. तेवढ्यासाठी तपासणी पुढं ढकलू नका.